आधी चांगला गुडघा तपासणारे डॉक्टर

दुखत होता डावा गुडघा आणि डॉक्टरांनी आधी हातात घेतला उजवा. मी म्हटलं, "सर, हा नाही, तो." ते म्हणाले, "माहीत आहे मॅडम. चांगला गुडघा किती हलतो ते कळल्याशिवाय वाईट गुडघा किती जास्त हलतो, ते मला कसं कळणार?" त्याआधीच्या दोन महिन्यांत मी दोन डॉक्टर आणि एक मालीशवाला करून बसले होते. एक्सरे झाला होता, गोळ्या झाल्या होत्या, पट्टे झाले होते. पण काय झालंय हे शोधण्यासाठी माझ्या गुडघ्याला हात लावणारे हे पहिले डॉक्टर होते. धंतोलीतल्या या दवाखान्याबद्दल मी मोठं लिहिणार आहे, कारण अशा दुखण्यात माणूस कुठे कुठे भरकटतो ते मी भोगलंय.

मी नागपुरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. वय ४३. कॉलेजात असताना खो-खो खेळले, आणि गेली १७ वर्षं मुलींचा संघ घेते. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर सकाळचा सराव सुरू झाला. मैदान दवाने ओलसर होतं. खांबाजवळ वेग न मोडता कसं वळायचं ते मुलींना दाखवत होते. एका हाताने खांब धरला, डावा पाय रोवला, अंग वळलं आणि पाऊल तिथेच राहिलं. गुडघा आतल्या बाजूला गेला. 'कट्ट' असा आवाज मला ऐकू आला, आणि पलीकडे ओळीत बसलेल्या मुलीलाही. ती म्हणाली, "मॅडम, काय तुटलं?" पहिल्यांदा वाटलं बूट फाटला.

घरी पोचेपर्यंत गुडघा इतका सुजला की ट्रॅकपँट खाली ओढताना तिथेच अडकली. ह्यांनी हळूहळू काढली. दोन ताससुद्धा झाले नव्हते. हे दोन तास लक्षात ठेवा, पुढे त्याला फार अर्थ आहे.

पहिले डॉक्टर घराजवळचे. एक्सरे काढायला लावला, टेबलापलीकडूनच फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "हाड शाबूत आहे, मोच आहे. तीन आठवडे आराम करा." क्रेप बँडेज, पाच दिवसांच्या गोळ्या, बर्फाचा शेक. त्यांच्यावर माझा फार राग नाही. ताज्या दुखापतीत गुडघा इतका ताठलेला असतो की तपासू म्हटलं तरी पेशंट तपासू देत नाही, हे मला नंतर कळलं. पण 'सूज उतरली की दहा-बारा दिवसांनी परत या, नीट तपासायचं आहे' एवढं एक वाक्य ते बोलले असते तर माझे दोन महिने वाचले असते. एक्सरेत हाड दिसतं. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट, दिसत नाही; दोन हाडांमधली गादी दिसत नाही. हाड शाबूत म्हणजे गुडघा शाबूत असं आपण धरून चालतो, आणि मीसुद्धा तेच धरून चालले.

तीन आठवड्यांनी सूज बरीच उतरली, पण पायावर भरवसा राहिला नव्हता. सासूबाईंनी त्यांच्या माहितीतला एक मालीशवाला बोलावला. त्याने गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, "काही नाही बाई, नस चढली हाय. तीन दिसांत उतरवतो." तीन दिवस कडकडून मालीश झालं आणि चौथ्या दिवशी गुडघा पुन्हा फुगला. आईंना मी दोष देत नाही. त्या रात्री उठून माझ्या पायाखाली उशी सारत होत्या, त्यांना जे सुचलं ते त्यांनी मनापासून केलं.

मग एक मोठं हॉस्पिटल. फॉर्म, फाइल, टोकन, दीड तास बाहेर, सात मिनिटं आत. तिथल्या डॉक्टरांनी वय पाहिलं, वजन विचारलं आणि म्हणाले, "चाळिशीनंतर बायकांची झीज सुरू होतेच. सांध्यात इंजेक्शन घेऊ, वजन जरा कमी करा." मी सांगत होते की मी रोज सकाळी धावणारी बाई आहे, हे त्या एका सकाळी झालंय, आवाज आला होता. ते तोवर लिहायला लागले होते. मी साडी नेसून गेले होते. साडी निऱ्यांसकट वर करून गुडघा उघडा ठेवून बसले, तो कुणी पाहिलाच नाही. तशीच साडी खाली केली आणि उठले. त्या दिवशी रडू आलं ते दुखण्यामुळे नव्हतं.

या सगळ्या काळात एक गोष्ट होत होती, आणि ती कुणाला पटवून देता येत नव्हती. सपाट रस्त्यावर मी व्यवस्थित चालत होते. पण वळताना, पायरी उतरताना गुडघा खालून निसटायचा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फुटपाथवरून उतरताना असाच निसटला आणि मी एका फळांच्या गाड्यावर हात टेकून उभी राहिले. शाळेत जिने उतरताना मुलं पुढे गेल्यावर मी कठडा धरून उतरायचे. संक्रांतीला शेजारी हळदीकुंकवाला गेले, सतरंजीवर कशीबशी मांडी घातली, आणि उठायला गेले तर गुडघा वाकलेल्या अवस्थेतच अडकला. सरळच होईना. आत काहीतरी पाचर मारल्यासारखं. सगळ्या बायका भोवती, माझ्या ओटीत तिळगूळ आणि वाण, आणि मी तशीच. वीसेक मिनिटांनी 'खट्' होऊन आपोआप मोकळा झाला. तिथेच एक ताई म्हणाल्या की त्यांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला या धंतोलीतल्या डॉक्टरांनी बरं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर लावला.

आता या दवाखान्याचं. आत गेल्यावर डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "कसं झालं ते आधी सांगा." मी सांगताना त्यांनी मधे चार प्रश्न विचारले. पाय जमिनीवर रुतलेला होता का? आवाज आला का? सूज दोन-तीन तासांत आली की दुसऱ्या दिवशी? आणि त्यानंतर गुडघा निसटतो का, अडकतो का? प्रत्येक उत्तराचा अर्थ त्यांनी मला समजावला. सूज झपाट्याने आली तर बहुतेक वेळा सांध्यात रक्त साकळलेलं असतं, म्हणजे आत काहीतरी फाटलंय. दुसऱ्या दिवशी सावकाश येणारी सूज वेगळी, ती सांध्यातलं पाणी वाढल्याने येऊ शकते. निसटणं लिगामेंटकडे बोट दाखवतं, अडकणं गादीकडे. दोन महिने मी हेच सगळ्यांना सांगत होते. कुणाला ते कामाचं वाटलं नव्हतं.

मग तपासणी. मला पाठीवर झोपवलं, गुडघा जरासा वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगीचं हाड वर ओढलं. उजव्या पायाला ओढलं तेव्हा आत टक्कन थांबल्याचं मलाही जाणवलं, ताणलेल्या दोरीला हिसका बसावा तसं. डाव्याला ओढलं तर ते पुढे सरकतच गेलं. थांबलंच नाही. डॉक्टर काही बोलायच्या आधी मला कळलं. या तपासणीला लॅकमन टेस्ट म्हणतात आणि तिला यंत्र लागत नाही, दोन हात आणि दोन मिनिटं लागतात. नंतर गुडघा वाकवून पाऊल फिरवून गादी तपासली, तेव्हा आतल्या बाजूला कळ गेली. ते म्हणाले, "पुढचं लिगामेंट, एसीएल, गेलेलं वाटतं, आणि आतल्या बाजूची गादीही फाटलेली असावी. एमआरआय करू, म्हणजे गादी कुठे आणि किती फाटली ते कळेल." एमआरआय त्यांच्याकडे नाही, बाहेर करावा लागला, साडेसहा हजार लागले. दोन दिवसांनी रिपोर्ट आला तो त्यांनी हाताने सांगितल्याप्रमाणेच.

रिपोर्ट दाखवायला गेले त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरवर फोटो लावून समजावलं. मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरपी काळी पट्टी दिसायला हवी, ते एसीएल. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि पाय वळताना गुडघा घसरू नये हे त्याचं काम. माझ्यात त्या जागी करडे धागे दिसत होते. गादीच्या बाबतीत थोडी चांगली बातमी होती. फाटलेली जागा त्या गादीच्याच बाहेरच्या कडेला होती. गादीच्या बाहेरच्या भागाला रक्तपुरवठा असतो, म्हणून तिथे टाके घातले तर ती भरून यायची शक्यता असते. आतल्या भागाला तो नसतो, तिथे बहुधा फाटका तुकडा कापून काढावा लागतो.

मला वाटलं आता ते ऑपरेशनची तारीख देतील. त्यांनी विचारलं, "तुम्हाला हा गुडघा कशासाठी हवा आहे?" असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्यांनी सरळ सांगितलं की एसीएल गेलेल्या प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. सरळ चालणं, सायकल, पोहणं एवढंच करायचं असेल तर काही लोकांचं नुसत्या व्यायामाने चांगलं निभतं. पण धावता धावता वळायचं असेल, त्यात गुडघा वारंवार निसटत असेल, तर दर वेळी गादी आणखी फाटत जाते. मी म्हटलं, "सर, मला खांबाला वळसा घालून दाखवता आलं पाहिजे." ते म्हणाले, "मग करू. पण आज नाही."

आज का नाही? गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता आणि मांडी वाळली होती. ताठलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो नंतर कायमचा ताठ राहायचा धोका असतो. म्हणून आधी चार आठवडे फिजिओथेरपी. सोबत ताकीद दिली की मधे गुडघा अडकला आणि सुटला नाही तर त्याच दिवशी यायचं, मग थांबायचं नाही. ऑपरेशनचे पैसे मिळत असताना पेशंटला 'थांबा' म्हणणारे डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिले, आणि माझा विश्वास तिथेच बसला.

ऑपरेशन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं. दुर्बिणीतून, कमरेत भूल देऊन. माझ्याच मांडीमागचे स्नायुबंध काढून त्यांचं नवं लिगामेंट केलं, गादीला दोन टाके घातले. तिसऱ्या दिवशी घरी. पहिल्या दोन रात्री वाईट गेल्या, बाकी त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखं आहे ते फिजिओबद्दल. दवाखान्याच्या मागच्या खोलीत फिजिओच्या ताई बसतात. पहिल्याच दिवशी त्यांनी टेप घेऊन वाटीच्या १५ सेंटिमीटर वर दोन्ही मांड्या मोजल्या. डावी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरने बारीक. तो आकडा त्यांनी माझ्याच वहीत तारीख घालून लिहिला. दर पंधरा दिवसांनी तीच जागा, तीच टेप. गुडघा किती अंश वाकतो, किती सरळ होतो, तेही कोनमापक लावून त्याच वहीत. आज दुखतंय म्हणून निराश होऊन बसले की त्या मागचं पान उघडायच्या.

ऑपरेशननंतरचा पहिला व्यायाम ऐकायला अगदी सोपा आहे. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, पाय सरळ, मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा. मी दाबायला गेले आणि काहीच झालं नाही. सतरा वर्षं मुलींना धावायला लावणारी मी, माझी स्वतःची मांडी ऐकेना. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. ताईंनी वाटीच्या वर, आतल्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, "इथे बघा. हा स्नायू गुडघा सुजला की झोपतो. पाहिजे तर उजव्या पायाने आधी करा, मग डाव्याने." उजव्याची वाटी झरकन वर सरकली. डाव्याची जागची हलली नाही. असं पंचवीस-तीस वेळा केलं. एकदा, अगदी गव्हाच्या दाण्याएवढी, ती हलली. ताई म्हणाल्या, "दिसली का?" मला दिसली होती. घरी येऊन मी सासूबाईंना पलंगावर बसवून तेवढंच दाखवलं, आणि त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं.

गादीला टाके होते म्हणून सहा आठवडे नव्वद अंशांपुढे वाकवायचं नव्हतं, वॉकर होता. त्यानंतर सायकल, पायऱ्या, एका पायावर तोल. चौथ्या महिन्यात मला इतकं बरं वाटायला लागलं की मैदानावर हळूच धावून पाहावंसं वाटलं. ताईंनी साफ अडवलं. नवं लिगामेंट घातल्यावर पहिले काही महिने शरीर त्याची आतून पुन्हा बांधणी करत असतं, आणि त्या काळात ते ऑपरेशनच्या दिवशी होतं त्यापेक्षाही कमजोर असतं. "बरं वाटतंय ते सूज गेली म्हणून. आतली दोरी अजून कच्ची आहे." नऊ महिन्यांच्या आत मैदानात परतणाऱ्यांची पुन्हा दुखापत व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून नऊ महिने आणि त्याशिवाय परीक्षा. एका पायावर उडी मारून अंतर मोजतात, दोन्ही पायांची तुलना करतात. डावा उजव्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आला पाहिजे. नवव्या महिन्यात मी ८४ वर होते. नापास. खूप वाईट वाटलं. पण त्यांनी माझी समजूत काढायला नियम वाकवला नाही, याचं आज मला मोल वाटतं. डिसेंबरात ९३ आले आणि त्यांनी वहीवर सही केली.

आता तक्रारी. दवाखान्याच्या दारात चार पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. गुडघ्यांच्या दवाखान्यात हे चालण्यासारखं नाही. मी दोनदा सांगितलं, अजून लावलेला नाही. वेळ दिलेली असली तरी दीड-दोन तास सहज जातात, कारण डॉक्टर प्रत्येकाला वेळ देतात. मला ते कळतं, पण पाय लटकवून बसणाऱ्या पेशंटला एखादं स्टूल तरी द्यावं. ऑपरेशनचा अंदाज १ लाख ४५ हजार सांगितला होता, बिल १ लाख ६२ हजार झालं. गादीच्या टाक्यांचं साहित्य वेगळं लागलं म्हणे. ते लागू शकतं हे एमआरआयवरूनच माहीत होतं, मग आधी सांगायला हवं होतं. डॉक्टरांना मी हे तोंडावर सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. विम्याची कॅशलेस मंजुरी यायला संध्याकाळ झाली, तेव्हा घरी जायच्या दिवशी डबा सोबत ठेवा. रविवारी फोन कुणी उचलत नाही. ऑपरेशन झालेल्या पेशंटसाठी एक नंबर तरी चालू हवा.

तपासणी फी ८०० आणि महिन्याच्या आत परत गेलं तर घेत नाहीत. फिजिओचे एका वेळचे ४००. शक्यतो चारचाकी नेऊ नका, धंतोलीतल्या गल्ल्यांत दवाखान्याला दवाखाना लागून आहे, गाडी लावायला जागा मिळत नाही. मी जयप्रकाश नगरहून मेट्रोने राहाटे कॉलनीला उतरायचे, तिथून ऑटो. स्टेशनला लिफ्ट आहे. वॉकर घेऊन जिना चढायला लागला नाही, हे त्या दिवसांत फार मोठं होतं.

ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनी मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग ओपीडीत जावं. गर्दी असेल. पण कुठेही गेलात तरी डॉक्टरांना स्वतःहून सांगा की कसं झालं, आवाज आला का, किती वेळात सुजला. आणि विचारा, "दोन्ही गुडघे तपासून सांगाल का?" मला हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

मुलींच्या आईवडिलांसाठी आणखी एक. वळायच्या आणि उड्यांच्या खेळात हे लिगामेंट मुलांपेक्षा मुलींचं जास्त तुटतं. उडीवरून खाली येताना गुडघे आत वळणं हे त्यातलं एक मोठं कारण. फिजिओच्या ताईंनी मला सरावाआधीचे पंधरा-वीस मिनिटांचे व्यायाम शिकवले. फुटबॉलसाठी फिफाने असाच एक कार्यक्रम तयार केला आहे, त्यावर आधारलेले. जानेवारीपासून आमच्या मैदानावर खांबाला हात लागायच्या आधी ते होतात. मी बाजूला उभी राहून फक्त गुडघे बघते.

आज पायाची स्थिती अशी. धावते. खांबाला वळसा घालते, पूर्वीच्या वेगाने नाही. मांडी घालून अर्धा तास बसते. उकिडवं पूर्ण बसवत नाही. थंडीत सकाळी वाटीखाली ठणकतं आणि दहा मिनिटं चाललं की जातं.

गेल्या आठवड्यात आमच्या आठवीतल्या एका मुलीचा गुडघा वळताना मुरगळला. रात्री तिच्या आईचा फोन आला, "मॅडम, एक्सरे काढला, हाड चांगलं आहे म्हणतात. आता काय करू?" मी विचारलं, सूज कधी आली. त्या म्हणाल्या, "घरी आल्या आल्याच हो, दोन तासांत टम्म." सोमवारी सकाळी नऊचा नंबर लावला आहे. मी राहाटे कॉलनीच्या स्टेशनवर त्यांना भेटणार आहे. दारातल्या चार पायऱ्यांवर तिला धरायला कुणीतरी हवं.